दोन राजदूतांच्या मधले एकवीस दिवस

आखातातल्या एका देशात, आपल्या दूतावासात मी अकरा वर्षं राजदूतांची गाडी चालवली. तेवढ्या काळात चार राजदूत झाले. दर तीन वर्षांनी नव्या माणसाची सवय करून घ्यायची. एकाला गाडीत बातम्या लागत, दुसऱ्याला शिंकलेलंही खपत नसे. लळा लागला तो तिसऱ्या साहेबांचा.

त्यांची बदली झाली त्याच आठवड्यात फाटकापाशी एक माणूस फोनवर बोलताना ऐकला. "व्हय माय, येऊन राहिलो," म्हणत होता. गाडी पुसणारा माझा हात थांबला.

"कुठला रे तू?"

"औंढ्याजवळचा. तुमी?"

"कुरुंद्याचा."

हिंगोलीकडचाच माणूस भेटल्यावर त्याला रडूच फुटलं. फरशी बसवायच्या कामावर होता. गावी वडिलांना लकवा मारला होता आणि पासपोर्ट कंपनीच्या मालकानं दाबून ठेवला होता. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला. मालक गोड बोलला, दोन दिवसांत देतो म्हणाला.

चौथ्या दिवशी मी साहेबांना विमानतळावर सोडायला निघालो, तरी पासपोर्ट आलेला नव्हता. वाटेत साहेबांनी विचारलं, "कुछ रह तो नहीं गया?" निघालेल्या माणसाला कशाला तकलीफ द्यायची, असं वाटलं. मी म्हणालो, "नहीं साहब."

मालकाला बराबर ठाऊक होतं, नवा राजदूत यायला वेळ आहे. मधल्या काळात काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोनदा पत्र धाडलं, उत्तर नाही. राजदूत नसले की गाडीवर झेंडा लागत नाही. रोज सकाळी ती बिनझेंड्याची गाडी धुवायची नि उभी करायची. जेवण जात नव्हतं, एका जागी बसवत नव्हतं. दुपार झाली की त्याचा फोन यायचा.

"काका, आलं का कोणी?"

"न्हाई अजून."

"बाप बोलत न्हाई आता. नुसता दाराकडं बघून राहिला म्हणते माय."

एकविसाव्या दिवशी नव्या बाई आल्या. ड्रायव्हरनं आपणहून बोलायचं नसतं. तरी त्यांना विमानतळावरून आणताना अर्ध्या रस्त्यात अडखळत सगळं सांगून टाकलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. नोकरी गेली, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "उस आदमी को ले आइए. अभी."

त्याला समोरच्या खुर्चीत बसवून त्यांनी मालकाला फोन लावला. "तो माझ्यासमोर बसलाय, आणि पासपोर्ट येईपर्यंत इथंच बसेल," एवढंच त्या इंग्रजीत म्हणाल्या. संध्याकाळी मालकाचा माणूस पासपोर्ट घेऊन आला.

चार दिवसांनी गावाहून फोन आला. "बापानं वळखलं, काका. हात सोडून न्हाई राहिला." पुढच्या आठवड्यात वडील गेले. बोलले मात्र नाहीत ते. बोलणं त्या एकवीस दिवसांतच बंद झालं होतं.

आता मीही कुरुंद्याला परतलोय. तो हिंगोलीत फरशीची कामं घेतो. बाजारात गाठ पडली की लोकांना सांगतो, "या काकांमुळं बाप भेटला." हॉटेलात नेतो, खुर्ची पुढं करतो. "बसा की, काहून घाई करून राहिले?" मी चहा उभ्यानंच पितो आणि काहीतरी काम सांगून निघतो. साहेबांना सोडायला जाताना विमानतळाच्या वाटेवर मी काय बोललो, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.