मुठीच्या ज्वारीवर निघालेली रेकॉर्ड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं. चारचौघांत बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सांगलीजवळ मिशनच्या दवाखान्यात माझे मालक वॉर्डात कामाला होते. आम्ही दवाखान्यामागच्या चाळीत राहायचो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांची एक रीत होती. रोज सकाळी चूल पेटवली की पहिली एक मूठ ज्वारी देवाच्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या आपापले डबे आणायच्या, मी ज्वारी मापट्याने मोजायची आणि ती विकून आलेले पैसे पोस्टात ठेवले जायचे. दुष्काळात मूठ चिमटीवर आली, पण थांबली नाही. देवळाचं छप्पर गळत होतं. ते पैसे नव्या पत्र्यांसाठी होते.

त्या वर्षी दवाखान्यात साताऱ्याकडची एक तरुण सिस्टर आली. ती आणि शाळेतले एक मास्तर मिळून नवी गाणी करायचे. मास्तर गिटार वाजवायचे. आमची देवळातली गाणी चांगलीच होती, पण साहेब लोकांच्या चालीची, संथ. गाता गाता पाय दुखायचे. सिस्टरची गाणी आमच्या बोलीतली, आणि ठेका असा की भाकरी थापताना हात आपोआप त्यावर पडावा.

माझं दुसरं मूल पोटातच गेलं तेव्हा मी तिच्याच वॉर्डात होते. सलाइनची बाटली बदलताना ती हळू गात होती, ‘थकलीस तर बस जराशी, घागर मी धरतो.’ प्रभू एका बाईला हे म्हणतो, असं ते गाणं. इतकी वर्षं मी देवळात जात होते, पण मला ‘बस’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे त्या दोघांनी चार गाण्यांची रेकॉर्ड मुंबईला जाऊन काढायची ठरवली. पगारातले पैसे साठवले होते, तरी नऊशे रुपये कमी पडत होते. सिस्टर बायकांच्या सभेत आली आणि पत्र्यांचे पैसे उसने मागितले. पावसाळ्याआधी परत देते, म्हणाली.

माझ्या सासूबाई सभेच्या मुख्य. त्या म्हणाल्या, “आन न्हाई खपल्या तर? रेकॉर्डी छपरावर घालायच्या व्हय?”

“खपतील, मावशी.”

“गाण्यात काय म्हनं, परभू घागर धरतोय. त्यो काय पानक्या हाय?”

मागून एक म्हातारी बोलली, “आवं, बायबलातल्या काना गावच्या लग्नात रांजण भरायला त्योच सांगत हुता की. पान्याचं काम त्येला नवं न्हाई.”

सगळ्या हसल्या. मग हात वर झाले. मोजले तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मी दाराशी मापट्याजवळ बसले होते. मी हात वर केलाच नव्हता, कारण कधीच करत नसे. सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हायली सूनबाई. तिला काय इचारायचं, ती माझ्याकडंच.” माझा हात वर गेला. सिस्टरच्या बाजूने. मलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

घरी येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “छप्पर गळलं तर तुझ्या डोईवर गळंल.” ते मला रास्त वाटलं.

फेब्रुवारीत एसटीच्या पार्सलने तीनशे रेकॉर्डी आल्या. कव्हरवर निळ्या शाईत घागर काढलेली. रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी त्यांचा चावीचा ग्रामोफोन टेबलावर ठेवला. एका मडमेने मायदेशी जाताना तो देऊन टाकला होता. रेकॉर्ड लावायचं दुसरं यंत्र आमच्यापैकी कुणी हाताळलंच नव्हतं. चावी भरली, सुई ठेवली, आणि सिस्टरचा आवाज चिमणीसारखा चिवचिवत निघाला. गिटार म्हणजे पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.

“लय घाईत हाय ही सिस्टर,” पुरुषांतून कुणीतरी म्हणालं. “एसटी चुकतीया वाटतं.”

देऊळभर हसू झालं. सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी एकही रेकॉर्ड खपली नाही. सिस्टरच्या खोलीत जागा नव्हती म्हणून सगळा ढीग आमच्या खाटेखाली आला. रोज केर काढताना सासूबाई म्हणायच्या, “सूनबाई, ह्यास्नी उंदरं तरी खात्यात का बघ.”

महिनाभराने मास्तरांना वाटलं की कुणा जाणत्याला दाखवावं. ते, सिस्टर आणि पिशवी धरायला मी, असे सांगलीत एका लाउडस्पीकरवाल्याकडे गेलो. लग्नाच्या मांडवात गाणी लावणं हा त्याचा धंदा. देवळात वाजवलेली रेकॉर्ड त्याने उजेडात धरली.

“मास्तर, शाळेत काय शिकिवता तुमी? ही मिंटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, तुमचं यंत्र अठ्ठ्याहत्तरचं. जवळजवळ दुप्पट पळिवलीसा. आन त्या सुईनं पार नांगरून ठिवलीया.”

मास्तर ओशाळले. त्याने पिशवीतून नवी कोरी रेकॉर्ड काढून आपल्या यंत्रावर लावली. आणि तो आवाज आला, वॉर्डातला, तसाच, शांत. मी पिशवी खाली ठेवली. चारही गाणी आम्ही उभ्यानेच ऐकली. पहिलं पहाटेचं, दुसरं दुष्काळानंतरच्या पेरणीचं, तिसरं नाताळचं, चौथं घागरीचं. तिसऱ्यात मास्तर जरा जास्त ओरडतात, ते मला आजही आवडत नाही. पण पेरणीच्या गाण्यात गिटार थांबते आणि नुसती टाळी उरते, तिथे अजून माझ्या अंगावर काटा येतो. ही गाणी माणसाला पापी म्हणून खाली बसवत नाहीत, दंडाला धरून उठवतात.

लाउडस्पीकरवाला आमच्यातला नव्हता. तो म्हणाला, “परवा कडेगावला लगीन हाय. पोरगी वाटं लावताना ही घागर लावतो.”

त्याने ती कडेगावला लावली, मग कवठे महांकाळला. मुलगी सासरी निघाली की मांडवातल्या बायका त्या गाण्यावर रडायच्या. हे कोणत्या पिच्चरचं, एवढंच लोक विचारायचे. मग त्याच्या धंद्यातले बाकीचे लोक रेकॉर्ड न्यायला आमच्या दारात येऊ लागले. सासूबाई त्यांना चहा करायच्या.

एप्रिलमध्ये साताऱ्याला आजूबाजूच्या मंडळ्या दोन दिवस जमल्या. सिस्टर ड्युटीवर, मास्तर गाण्यात, म्हणून विकायला मला बसवलं. लाउडस्पीकरवाल्याने यंत्र दिलं होतं. गिऱ्हाइकाला काय सांगावं मला सुचेना, म्हणून कुणी समोर आलं की मी सुई ठेवायची. एका पेन्शनीतल्या फौजीने दोन घेतल्या.

“मशीन न्हाई माझ्याकडं,” तो म्हणाला. “पोरगं पलटणीत हाय, त्यो आणंल. तवर भितीला टांगतो.”

त्या दोन दिवसांत मी हाताने सत्तेचाळीस रेकॉर्डी दिल्या. तोंडातून ‘धा रुपये’ एवढंच निघालं असेल.

मेच्या शेवटच्या रविवारी बायकांची सभा भरली. सहाशे चाळीस रुपये आधी परत आले होते. सिस्टरने रुमाल सोडून राहिलेले दोनशे साठ चटईवर ठेवले. सासूबाईंनी ते दोनदा मोजले, दुसऱ्यांदा मोठ्याने.

“पुरं हाईत,” त्या म्हणाल्या. मग सभेची वही माझ्याकडे सरकवली. नऊशेच्या नऊशे परत मिळाले असं मी लिहिलं, आणि त्याखाली सासूबाईंनी अंगठा उठवला.