ब्रेक दाबायला हैदराबादपर्यंत

शनिवारी सकाळी साडेसहाला लताबाई झरीहून पहिल्या जीपने आल्या आणि वसमत रोडवरच्या माझ्या घरासमोर उतरल्या. एका हातात धपाट्यांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. माझ्या गाडीकडे बघून त्यांनी विचारलं, "म्याडम, टपावरचा बोर्ड काढला न्हाई का?"

"राहू द्या की. आपण कोण आहोत ते दिसू दे."

मी परभणीत एकोणीस वर्षं बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिक्षिका, नर्स, तहसीलमधल्या बाया, शेतावर स्वतःची गाडी नेणाऱ्या बाया, अशा कितीतरी जणी माझ्या हाताखालून गेल्या. आणि आज टपावर 'ड्रायव्हिंग स्कूल' असा पिवळा बोर्ड असलेली तीच गाडी घेऊन मी हैदराबादच्या पलीकडे रेसच्या ट्रॅकवर निघाले होते. तिथे रविवारी हौशी लोकांना आपापली गाडी वेगात चालवू देणार होते. माझी ही पहिलीच वेळ.

याला कारण लताबाई. पन्नाशी ओलांडल्यावर त्या माझ्याकडे गाडी शिकल्या. झरीला त्यांची बारा एकर जमीन आहे, कारभार त्याच बघतात. दसऱ्यानंतर त्या मुलीला भेटायला पाथरीला निघाल्या होत्या. मानवतच्या पुढे उसाची ट्रॉली रानातून एकदम रस्त्यावर आली. लताबाईंची गाडी धुऱ्यावरून (बांधावरून) खाली गेली आणि काळ्या मातीत रुतली. त्यांना खरचटलंही नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"म्याडम, ब्रेक दाबला तर त्यानं पायाला लाथा मारल्या. म्हनून मी पाय उचलला."

"घाबरलात तुम्ही. ब्रेक कधी लाथा मारतो का?"

"तुमी कदी दाबलाव का? पार तळाला जाईस्तोवर?"

मी कधीच दाबला नव्हता. एकोणीस वर्षं 'हळू, हळू' म्हणत आले. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायची वेळ येऊच द्यायची नाही, हेच माझं शिकवणं. वेळ आली तर काय होतं, ते मलाच माहीत नव्हतं.

माझा भाचा निखिल पुण्यात नोकरी करतो, त्याला गाड्यांचं भारी वेड. त्याला विचारलं तर त्याने तीन ठिकाणच्या जाहिराती पाठवल्या. मी तिन्ही ठिकाणी फोन लावला आणि तेच प्रश्न विचारले. शेजारी शिकवणारा बसतो का? नवख्यांचा गट वेगळा असतो का? एकमेकांच्या पुढे कुठेही जाता येतं का? पहिल्या ठिकाणचा माणूस म्हणाला, "मॅडम, दिवसभर ट्रॅक मोकळा, फोटो पण काढून मिळतील." माझ्या एकाही प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी शिकवणारा होता, पण पहिल्या दोन फेऱ्यांपुरताच. तिसरीकडे एका बाईने फोन घेतला. ती म्हणाली, "सकाळचे दोन तास आम्ही कोणाला ट्रॅकवर सोडतच नाही. बाजूच्या पटांगणात फक्त ब्रेक आणि वळण. नंतर शेजारी माणूस बसवून ट्रॅक. पुढे जायचं फक्त सरळ रस्त्यावर, तेही पुढच्याने हात केल्यावर."

मी तिथल्या तिथे नाव दिलं.

निखिल हसला. "आत्या, तो ट्रॅक किती छोटा आहे! वेग कुठे मिळणार तिथे?"

"वेग आपल्या रस्त्यावर पण मिळतो रे. थांबायचं कसं ते शिकायचंय."

लताबाईंना म्हटलं, प्रश्न तुमचा आहे, तुम्हीच सोबत चला. त्यांनी कापूस वेचणीचं सगळं जावेवर सोपवलं आणि आल्या.

वसमत मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी भरलेली होती. नांदेड ओलांडून देगलूरच्या अलीकडे एका लिंबाखाली थांबलो, धपाटे आणि दही खाल्लं. तेलंगणात शिरलो तशा पाट्यांवरच्या अक्षरांना गोल वळणं आली. एका टपरीवर इडलीबरोबर पल्लीची (शेंगदाण्याची) पातळ चटणी मिळाली. लताबाईंनी ती दोनदा मागून घेतली आणि टपरीवाल्या बाईला विचारलं, "लसूण न्हाई का टाकला?" तिला मराठी येत नव्हतं, यांना तेलुगू. दोघींनी हातवाऱ्यांवर पाच मिनिटं चर्चा केली आणि शेवटी त्या बाईने आतून लसणाची एक पाकळी आणून दाखवली. दुपारी तीनला लॉजवर पोचलो. लताबाईंनी अंथरूण झटकलं आणि मला लवकर झोपायला लावलं.

सकाळी सातला ट्रॅक पहिल्यांदा दिसला. माळरानावर काळी पट्टी वेटोळं घालून पडलेली, कडेला लाल-पांढरे पट्टे, बांधकाम संपत आलेली एक लांबट इमारत. रांगेत बारा गाड्या उभ्या होत्या. माझी सोडून सगळ्या रुबाबदार. पिवळा बोर्ड बघून एक-दोघांनी मोबाइलवर फोटो काढले. मी ओढणी काढून मागच्या सीटवर ठेवली आणि कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या आवळल्या.

पहिली अडचण गाडीच्या तपासणीत आली. तपासणाऱ्याने बोर्ड काढायला लावला, ते ठीक. मग तो खाली वाकला आणि म्हणाला, "हे काय? डावीकडे पण ब्रेक?"

शिकवायची गाडी, तेव्हा शिकवणाऱ्यापुढे ब्रेक असणारच. तो म्हणाला, इथे एका गाडीला एकाच माणसाचा ब्रेक. मी डिकीतून पाना काढला, गुडघ्यावर बसले आणि दहा मिनिटांत तो पेडल सोडवून ठेवला. हात काळे झाले, पण आता कोणी फोटो काढत नव्हतं.

दुसरी अडचण हेल्मेटची. अंबाड्यावर ते बसेना. लताबाईंनी उभ्या उभ्या माझी वेणी घालून दिली.

माझ्या शेजारी बसायला आले खालिदभाई. साठीचे, पांढरी दाढी, बोलणं अस्सल दखनी. निजामाच्या काळापासून आपल्याकडे रुळलेले शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना परगावी आल्यासारखं वाटलं नाही. त्यांनी पटांगणात दोन शंकू दाखवले. पहिल्याजवळ साठच्या वेगाने यायचं, पूर्ण ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याच्या अलीकडे थांबायचं. मी मनात म्हटलं, एवढंच?

आले. दाबला. पायाखाली पेडल थडथडायला लागला, गाडीखालून कर्रर्र असा आवाज आला. काहीतरी मोडलं असं वाटून मी झटकन पाय उचलला. गाडी दुसरा शंकू उडवून पुढे गेली.

"मॅडम, पाँव कायकू (कशाला) उठाए?"

"ब्रेकने लाथ मारली," मी म्हणाले. आणि लताबाईंचेच शब्द माझ्या तोंडून निघाले, हे लक्षात आलं.

खालिदभाईंनी शांतपणे समजावलं. चाकं जागेवर अडकून गाडी घसरू नये म्हणून गाडी स्वतःच ब्रेक भराभर सोडते आणि धरते. त्याचाच धक्का पायाला लागतो. तो लागला म्हणजे गाडी तिचं काम करते आहे. "गाडी बात करती तुमसे. तुम दबाके रखो, और जिधर जाना है उधर देखो."

दुसऱ्या वेळी पाय काढला नाही, पण दाबलाही अर्धवट. तिसऱ्या वेळी सीटला पाठ टेकवून जीव खाऊन दाबला. पेडल थडथडत राहिला, मी दाबत राहिले, आणि गाडी शंकूच्या चार हात अलीकडे सरळ उभी राहिली. नंतर ब्रेक दाबलेला असतानाच स्टेअरिंग वळवून शंकूला वळसा घालायला शिकवलं. हेही होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मधल्या सुट्टीत लताबाई पत्र्याच्या शेडखाली बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"लताबाई, तुमचं खरं होतं. लाथा मारतो तो. मी तुम्हाला घाबरट ठरवलं. ते मलाच माहीत नव्हतं."

त्यांनी पप्पू-भाताचा (डाळ-भाताचा) घास खाली ठेवला. "मग म्या पाय ठिवला असता तर?"

"गाडी रस्त्यावरच थांबली असती."

त्या म्हणाल्या, "लय दिवस झोपताना त्योच इचार यायचा, की म्याच काय चुकले. बरं झालं म्याडम, तुमी सांगितलं." आणि लगेच, "जेवा आता. गार व्हायलंय."

दुपारी ट्रॅकवर गेलो. पहिल्या फेऱ्या हळू, कुठे वळायचं, कुठे सोडायचं ते बघत. तिसऱ्या खेपेपर्यंत हात बसला. हे मला येतं, असं आतून वाटायला लागलं. सरळ रस्त्यावर काटा एकशेदहावर गेला. एक लाल गाडी मागून आली, मी हात केला, ती सुसाट पुढे गेली. पुढचं वळण उजवीकडचं. त्या वळणातच लाल गाडीचं मागचं अंग फिरलं आणि ती आडवी होऊन धुळीत थांबली, अर्धी ट्रॅकवर. कडेच्या माणसाने पिवळा झेंडा जोरात हलवला.

खालिदभाईंच्या पायाशी ब्रेक नव्हता. होता तो माझ्याच.

मी दाबला. तळापर्यंत. पेडलने लाथा मारायला सुरुवात केली आणि मी अजून दाबला. लाल गाडीकडे बघायचं नाही, तिच्या डावीकडच्या मोकळ्या काळ्या पट्टीकडे बघायचं. गाडी तिकडे वळली, वळता वळता मंदावली आणि चालायच्या वेगाने लाल गाडीच्या शेजारून पुढे सरकली. आतला तरुण हात वर करून माफी मागत होता.

खालिदभाईंनी हेल्मेटची काच वर केली. "अब सिखाओ जाके," एवढंच म्हणाले.

सोमवारी परत निघालो. देगलूरपासून लताबाईंनी गाडी घेतली. मी डावीकडे बसले. नांदेड कधी आलं ते मला कळलं नाही, कारण मी गाढ झोपले होते. शिकवलेल्या बाईच्या शेजारी मी आयुष्यात पहिल्यांदा झोपले. वसमतला चहासाठी त्यांनी मला उठवलं.

घरी आल्यावर कपाटातली जुनी रजिस्टरं काढली आणि एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. पुष्कळांचे नंबर बदललेले होते, काही बदलीच्या गावी गेलेल्या. ज्या सापडल्या त्यांना सांगितलं, रविवारी सकाळी गाडी घेऊन मोंढ्यात, धान्यबाजाराच्या आवारात या, परवानगी काढली आहे. माझ्याकडून तुम्हाला एक गोष्ट शिकवायची राहिली.

कुणाला पहिल्यांदा ट्रॅकवर जायचं असेल तर माझं सांगणं एवढंच, की जिथे तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल तिथे जा. ट्रॅक किती मोठा, हे नंतर बघा.

रविवारी अकरा जणी आल्या. पोत्यांत भुसा भरून ती शंकूंच्या जागी उभी केली होती. पहिली पिंगळीच्या शाळेतली कुलकर्णी बाई, बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेली. ती आली, गाडीने आवाज केला, आणि ती पोत्याच्या अलीकडे उभी राहिली. काच खाली करून ओरडली, "बाई गं! हे काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत लताबाई पदर खोचून तिच्या खिडकीशी पोचल्या होत्या.

"काही न्हाई झालं. गाडी बोलायलीय. पुन्ना या, अन् यावेळी अजून दाबा."