सहाशे बारा हजेऱ्या

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ती संगणकावर कामगारांच्या नोंदी ठेवायची. सगळे तिला ‘नियमबाई’ म्हणत, कधी चेष्टेने, कधी वैतागून. पूर्वी एकाच नावाच्या दोन कामगारांच्या हजेऱ्यांची खिचडी झाली होती, तेव्हापासून तिने संगणकात नियमच घालून टाकले होते. एका माणसाला एकच क्रमांक. माणूस नोंदलेला नसेल तर त्याची हजेरी लागणार नाही. आणि ज्याच्या नावावर हजेऱ्या आहेत, त्याचं नाव पुसता येणार नाही.

एका सोमवारी प्रेस मशीनखाली एका कामगाराची तीन बोटं गेली. मशीनची संरक्षक जाळी महिनाभर तुटलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे मूग गिळून बसले. बुधवारी मॅनेजर तिच्या टेबलाशी आले.

“तो प्रेसवाला आपला नव्हताच. यादीतून काढा.”

तिने त्यांच्या देखत बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं : काढता येत नाही. या नावावर सहाशे बारा हजेऱ्या आहेत.

“मग हजेऱ्या काढा.”

“त्याने बनवलेले डबे बाजारात गेलेत, साहेब. ते परत आणा, मग हजेऱ्या काढते.”

“बाई, नियम तुम्हीच लावलाय ना? तुम्हीच काढा.”

“मीच लावलाय, म्हणूनच नाही काढणार.”

मॅनेजरनी बाहेरून संगणकाचा जाणकार बोलावला. त्याने दहा मिनिटं सगळं पाहिलं. “होईल की,” तो म्हणाला, “पण काढायला सांगितलंय असं लिहून, सही करून द्या.” साहेबांना अचानक कुठलीशी मीटिंग आठवली.

घरी नवरा चिडला. “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मासा कसला, बेडूक आहे तो. नुसता फुगतो,” ती म्हणाली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची गेली. तिला पॅकिंगमध्ये उभं केलं, डब्यांवर लेबलं चिकटवायला. बोटांना डिंक, पायांना गोळे.

प्रेसवाल्याच्या बायकोने तक्रार केली होती. पंधरा दिवसांनी सरकारी निरीक्षक आले. मॅनेजर म्हणाले, “असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच.” निरीक्षकांनी नोंदी मागितल्या. ऑफिसात कुणालाच काही सापडेना. ती पॅकिंगमधून न बोलावता आली, डिंकाचे हात पदराला पुसले आणि सहाशे बारा हजेऱ्या छापून त्यांच्यापुढे ठेवल्या. शेवटची त्या सोमवारची, सकाळी आठ वाजताची.

कारखान्याला प्रेसवाल्याला आपला म्हणावं लागलं. उपचार झाले, तो गेटवर कामाला लागला. जाळीही बसली.

महिन्याभराने मॅनेजरनी निरोप धाडला : माफीपत्र द्या, खुर्ची परत घ्या. तिने कागद मागवला आणि एवढंच लिहिलं, ‘माझी चूक झालेली नाही.’ खाली तारीख घातली, सही केली, कागद शिपायाच्या हातात दिला आणि पुढचा डबा ओढला.