अर्ध्या सतरंजीची शाळा

एक वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरत होती. शिक्षिका मी, विद्यार्थिनी आमची सहा वर्षांची मुलगी, आणि या शाळेला कडाडून विरोध करणारे माझे सासरे. शाळेला त्यांचा विरोध होता, मधल्या सुट्टीला नव्हता, कारण मधल्या सुट्टीत चहा व्हायचा. मी ताटलीवर चमचा वाजवून सुट्टी जाहीर केली की ते ओट्यावरून उठून आत येत आणि पोरीच्या आधी हात पुढे करत.

नवरा सरकारी शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. गावभरची पोरं शाळेत आणायचा पगार घ्यायचा मास्तरांनी, आणि त्यांचीच पोरगी घरी. यावरून त्यांच्या शाळेत त्यांची जी चेष्टा व्हायची, ती ते जेवताना मला ऐकवत. मी त्यांना आणखी एक भाकर वाढत असे.

आमचं गाव तलमडुगू मंडलात. जिल्हा आदिलाबाद, आणि तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं. मी डी.एड. करून आले होते, मराठीतून. नदी ओलांडली आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसलं. इकडे घरात मराठी, वावरात मराठी, भांडणात तर शुद्ध मराठी. पण शाळा तेलुगू. पूर्वी मराठीचा एक वर्ग होता म्हणे. त्याच्या मास्तरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्या खोलीत आता दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती असत.

मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा मी म्हटलं, हिला मी घरीच शिकवणार. मास्तरांना आधी वाटलं, मी रागावून बोलते आहे. दोन दिवसांनी त्यांना कळलं की मी शांतपणे बोलत होते, तेव्हा ते घाबरले.

"इथं आफिस तेलुगू, दवाखाना तेलुगू, बस तेलुगू," ते म्हणाले. "पोरीनं करावं काय?"

"अन् घर?" मी विचारलं.

"घरात तू हायस न."

"मंग शाळेत बी मीच असन."

यावर त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी आदिलाबादच्या बसस्टँडवर तलमडुगूची समजून भैंशाच्या बसमध्ये जाऊन बसले होते. पाटी वाचता येत नव्हती आणि विचारायला लाज वाटली होती. कंडक्टरनं हिंदीत चांगलं झापून वाटेत उतरवलं. मास्तरांनी ती गोष्ट तेवढ्यात पुन्हा सांगून घेतली आणि म्हणाले, "तुले भैंशाच्या बसमध्ये बसायचं असन त बस. पोरगी काऊन बसन?"

बोलणं बिनतोड होतं, म्हणून मी ते ऐकलं नाही. मला खरी भीती वेगळीच होती, आणि ती मला नीट बोलता येत नव्हती. पोरगी माझी, पण उद्या ती ज्या भाषेत वाचेल, लिहील, कुणाला चिठ्ठी पाठवेल, ती भाषा मला येत नव्हती. मी शिकलेली बाई असून स्वतःच्याच पोरीपुढे अडाणी ठरणार होते. तिची पाटी हातात घेऊन मी नुसती बघत बसणार, हे चित्र मला सहन होत नव्हतं.

सासऱ्यांनी मात्र सरळ तोंडावर सांगितलं. "आमी लोकाच्या वावरात राबून पोराले शाळेत धाडलं. अन् त्या पोराची पोर घरी. हे कोन्तं शिक्षन होय?" मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, मत मात्र बदललं नाही.

अखेर तडजोड झाली. सोमवार ते शनिवार मराठी शाळा, आणि रविवारी मास्तरांचा तेलुगूचा तास. मी रविवारी सुट्टी देत नाही असं म्हणून पाहिलं, पण विद्यार्थिनी फितूर निघाली. तिला रविवारचा तास आवडायचा, कारण मास्तर अक्षरं शिकवताना प्रत्येक अक्षराला जिलेबीचा कुठला तरी तुकडा म्हणत.

शाळा मी मन लावून चालवली. सकाळी वंदना, मग ताटलीची घंटा, मग हजेरी. हजेरीत एकच नाव, पण घ्यायची म्हणजे घ्यायची. मागच्या दाराला मी काजळी आणि डिंक लावून फळा केला होता. गणित ज्वारीच्या दाण्यांवर. दाणे मांडायचे, दोन ढीग करायचे, एकत्र करायचे, आणि तास संपला की परत डब्यात, कारण संध्याकाळी त्याच ज्वारीची भाकर व्हायची होती. पोरगी हुशार. बेरीज तिला लवकर आली. वजाबाकीत ती दाणे तोंडात टाकायची, आणि उत्तर बरोबरच यायचं.

एकच खोड होती. मी तिच्यासाठी चांगली लांबरुंद सतरंजी अंथरत असे आणि ती तिच्या एका टोकाला अंग चोरून बसे. उरलेली अर्धी सतरंजी मोकळी. तिथं पाटी ठेवली तर उचलून घ्यायची. एका रविवारी मास्तर तिथं बसले तर म्हणाली, "बाबा, तिथं नका बसू." मास्तर उठून मातीवर बसले. मला वाटलं, टापटीप आहे पोरगी, पसारा नको असतो तिला. हा गुण माझ्याकडून आला असणार, असंही मी मनात नोंदवलं.

असं वर्ष गेलं. पुन्हा जून आला. जूनमध्ये शाळा उघडताना मास्तर लोकांनी घरोघर फिरून शाळेबाहेरची पोरं गोळा करायची, अशी इकडे पद्धत. पुढे डफडं, मागे शाळेतली पोरं घोषणा देत, आणि त्यांच्या मागे घामाघूम झालेले मास्तर. ज्या घरी पोर बसून असेल त्या दारासमोर डफडं थांबायचं आणि पोर बाहेर येईपर्यंत वाजत राहायचं. मी मास्तरांना आधीच बजावून ठेवलं होतं की आपल्या दारासमोर डफडं थांबलं तर संध्याकाळी चूल पेटणार नाही.

डफडं थांबलं नाही. त्याऐवजी मोठे सर स्वतः आले. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, वरंगलकडचे तेलुगू माणूस, अतिशय सभ्य. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"म्याडम," ते हिंदीत म्हणाले, "पोरां घोषणा देते तेलुगू में, आपके लोगां समझते नई. हमारे मास्टर लोगां को औरतां से बात करना नई आता. आप पढ़ी हुई हो. आप चलो ना."

ते साधे होते की वस्ताद, हे मला आजवर कळलेलं नाही. मास्तर खांबाला टेकून आकाश बघत होते, यावरून काय ते समजावं. पण मला कुणी तरी शिकलेली बाई म्हणून बोलवायला आलं होतं, आणि ते कितीतरी दिवसांनी घडत होतं. मी पातळ बदललं आणि पोरीचं बोट धरून निघाले.

पोरं ओरडत होती, "बडिकि पोदां, बडिकि पोदां," शाळेला चला, शाळेला चला, आणि आमच्या मराठी गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून वरात बघावी तशा बघत होत्या. मी बोलायला लागले आणि मलाच माझं नवल वाटलं. काय बोलत होते मी. एका दाराशी, दुसऱ्या दाराशी, जीभ नुसती सुटली होती. मोठे सर मागे उभे राहून, एक शब्द न कळता, मान डोलावत होते.

गल्लीच्या शेवटी, ओढ्याच्या कडेला एक घर होतं. बाई अंगणात बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. तिच्या मागे दाराआड एक पोरगी, माझ्या पोरीएवढी, हातात कैरीची फोड आणि तळहातावर मीठ. मी अंगणात बैठकच मारली.

"घरी राहून पोरगी काय शिकन बाई?" मी सुरू झाले. "चूल शिकन, बकरी शिकन. चार पोरीत बसन त बोलाले शिकन, भांडाले शिकन, मनातलं सांगाले शिकन. आई कितीक बी हुशार असली तरी आई म्हंजे शाळा नोहे."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मीच ते ऐकलं. मागे मास्तर खोकले. मी वळून पाहिलं नाही.

बाईनं कैरी बाजूला ठेवली. ती काही वाद घालणारी नव्हती, उलट तिला माझं बोलणं पटलेलं दिसत होतं. "तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "पाठवाले मी नाही कवा म्हनलं? पन माही पोरगी एकली जात नाही. मदी वढा हाय, तिकडं सारी तेलगू पोरं. लय रडते. संगं कोनी पाह्यजे." मग तिनं माझ्या पोरीकडे पाहिलं. "हे तुमचीच न? कोन्त्या वर्गात हाय? तिच्यासंगं लावून देतो."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात पोरगी बोलली. "मी आईच्या शाळेत हावो."

"तिथं अजून कोन हाय?"

"कोनीच नाही," पोरगी म्हणाली. "मी रोज बाजूले जागा ठेवतो. कोनी येतच नाही."

ती तक्रार करत नव्हती. नुसती माहिती देत होती. दाराआडची पोरगी एक पाऊल पुढे आली आणि तिनं मिठाचा तळहात माझ्या पोरीपुढे धरला. दोघी मीठ चाटू लागल्या. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. सगळं वर्ष मी तिला समोरून शिकवलं होतं, आणि तिला पाहिजे होतं बाजूला कोणी तरी.

"सांगतो," मी त्या बाईला म्हटलं आणि निघाले. पुढे घरच नव्हतं, हे बरं झालं.

घरी आल्यावर सासऱ्यांना चहा दिला आणि पोरगी काय म्हणाली ते सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, "मी म्हनलंच होतं." त्यांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.

"मी बी गेल्तो शाळेत," ते म्हणाले. "निजामाच्या राज्यात. थोडेच दिवस. आमाले वऱ्हांड्यात बसवत. माह्या बाजूले कोनी बसत नव्हतं. बसू देत नव्हते."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या मास्तरांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हिच्या बाजूले बसाले पोरगी तयार हाय," सासरे म्हणाले. "मंग तू काऊन थांबून राह्यली?"

चहा निवला होता. मी तो परत गरम करून आणला.

सोमवारी मी पोरीला घेऊन ओढ्याकाठच्या घरी गेले. बाईनं शब्द पाळला. तिच्या पोरीला तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि ती रडायच्या तयारीत होती. माझ्या पोरीनं तिचा हात धरला तेव्हा ती रडायची विसरली. दोघी पुढे, आम्ही दोघी मागे, असा ओढा ओलांडला. शाळेच्या फाटकात माझी पोरगी मागे वळून बघेल म्हणून मी थांबले. ती वळली नाही. मास्तर आतून वळून बघत होते, पण त्याचा काय उपयोग.

घरी आले तर घर खायला उठलं. फळा दारावर तसाच होता. दहा वाजता मी घंटा वाजवली नाही. मधल्या सुट्टीच्या वेळेला सासरे आत डोकावले, रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि परत ओट्यावर जाऊन बसले. मग मी ताटली वाजवली. एका माणसासाठी एवढा नियम मोडून काय करायचं.

संध्याकाळी पोरगी आली ती बोलतच. कोण कुठे बसलं, कोणी कोणाला चिमटा काढला, दुपारी भातावर काय होतं. माझा जीव कशात अडकला होता ते तिला काय माहीत. मी हळूच विचारलं, "म्याडमनं शिकवलेलं समजलं?"

"मले समजलं. तिले नाही समजलं. तिले तेलगू येतच नाही." नवीन मैत्रिणीबद्दल ती मोठ्या माणसासारखी काळजीनं बोलत होती. "मंग मी तिले मराठीत सांगतलं."

"कसं सांगतलं?"

"तू मले सांगतं तसं," ती म्हणाली, आणि दप्तराचा पुढचा कप्पा उघडून दाखवला. आत ज्वारीचे दाणे होते. सकाळी डब्यातून तिनं ते कधी काढून घेतले, मला पत्ताच नव्हता. "पन ते बी दाने खाते वजाबाकीत," पोरगी म्हणाली. "मले पुरले नाही."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर मीच भरलं. पुढच्या कप्प्यात ज्वारी घातली, दोघींना पुरेल एवढी.