हरकतआक्का

चहा घेणार का, असं कुणी विचारलं की आपण 'हरकत नाही' म्हणतो. हवा असला तरी तेच, नको असला तरी तेच. आमच्या आक्का असं म्हणत नसत. हवा असला तर त्या "दे" म्हणत आणि नको असला तर "हरकत हाय" म्हणत. नुसतं म्हणून थांबत नसत, हरकतीचं कारणही देत. दूध कालचं हाय, नाहीतर तुझ्या पातेल्याला कांद्याचा वास येतो. घरातली बाई लाजून पातेलं पुन्हा घासायला घ्यायची. अख्खी वाडी त्यांना हरकतआक्का म्हणायची. तोंडावर नुसतं आक्का, पाठीमागं पूर्ण नाव.

आमची वाडी भूम तालुक्यात, नदीच्या अलीकडच्या काठाला. बाजार भूमचा, यात्रा सोनारीची. आक्कांचं घर वाडीच्या पार टोकाला, थोडी जमीन, थोडी शेरडं, एक मुलगा आणि सून मंदा. नवरा लवकर गेलेला. सरपंचपद बायकांना राखीव झालं तेव्हा भावकीनं आक्कांना उभं केलं ते एवढ्याच भरवशावर, की बाई शिकलेली नाही, सांगू तिथं अंगठा देईल. पहिल्याच बैठकीत दिरानं कागद पुढं सरकवला.

"वैनी, हितं अंगठा करा."

"हरकत हाय."

"कशाला हरकत?"

"काय लिवलंय ते मला ठाव न्हाय, त्याला. मोठ्यानं वाच."

दिरानं वाचलं. रस्ता गावातून निघत होता आणि फिरून फिरून त्याच्याच गोठ्यापाशी संपत होता. वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला आणि चावडीतलं हसू मोठं होत गेलं. त्या मुदतीत आक्कांनी भावकीला इतकं बेजार केलं, की पुन्हा त्यांना कुणी उभं केलं नाही. आक्कांचं काही अडलं नाही. सरपंच कुणीही असो, ग्रामसभेत बायकांच्या बाजूनं आवाज यायचाच.

मी त्याच वाडीचा. भूमला कॉलेजात मराठी शिकवतो आणि लग्नसराईत माइक धरतो. माझी गोष्ट आक्कांच्या बरोबर उलटी. खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसानं काहीही विचारलं, की माझ्या तोंडून 'हरकत नाही' बाहेर पडतं. प्राचार्यांनी विचारलं, शिबिराला तुम्हीच जाल ना? हरकत नाही. न्हाव्यानं विचारलं, सर, मिशी जरा बारीक करू? हरकत नाही. त्या दिवशी घरी गेलो तर बायकोनं दार उघडून "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं. न्हाव्याला तरी निदान खुर्ची नव्हती, खुर्चीत मी होतो. पण सवय ती सवय.

वाडीतल्या एका लग्नात मी माइकवरून घोषणा केली, "कुणाची हरकत नसेल तर आता मंगलाष्टकांना सुरुवात करू या." बायकांमधून आवाज आला, "हरकत हाय." मांडव गार पडला. नवऱ्या मुलाचा बाप घामाघूम झाला, त्याला वाटलं आता काय बाहेर निघतंय. आक्का उठून उभ्या राहिल्या. "पोरगी सकाळधरनं उपाशी हाय. दोन घास खाऊ द्या तिला, मग म्हणा किती म्हणायची ती." नवरीला आत नेऊन शिरा खायला घातला. मुहूर्त टळला म्हणून भटजी कुरकुरत होते, तर आक्का त्यांना म्हणाल्या, "तुमी खाल्लंय नव्हं?" भटजींनी खाल्लं होतं.

आता नदीविषयी सांगायला हवं. जिल्हा परिषदेचे मतदारसंघ असतात, त्यांना आमच्याकडं गट म्हणतात. आमची वाडी अलीकडच्या काठाला, पण तिचा गट पलीकडचा. कुणी तरी कधी तरी नकाशावर रेघ मारताना आम्हाला तिकडं ढकललं, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती रेघ तशीच गिरवली गेली. निवडून येणारा माणूस पलीकडचा. त्याची मतं पलीकडं, म्हणून रस्ते पलीकडं, आणि आमच्या वाट्याचं आरोग्य उपकेंद्रही पलीकडं. पावसाळा सोडून इतर वेळी वाळूतून चालत गेलं की दवाखाना जवळ. पावसाळ्यात तो नुसता दिसायचा.

मंदाचे दिवस भरले ते नेमके नदीला पाणी असताना. नर्सबाई पलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभ्या होत्या, आणि मंदा अलीकडच्या काठावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलेली होती. शेवटी भूमच्या खड्ड्यांच्या वाटेनं ट्रॉली नेली. मंदा वाचली. बाळ हाती लागलं नाही. आक्का त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त गटांची रचना नव्यानं होणार आणि ज्यांना मान्य नसेल त्यांच्या हरकती मागवल्या आहेत, असं कळलं तेव्हा त्या माझ्या दारात आल्या.

"दत्त्या, सरकार हरकत मागतंय म्हणं."

"हो आक्का. लेखी द्यायची, मग सुनावणी असते."

"जन्मभर मी फुकट देत आले, कुणी मागितली न्हाय. आता मागतंय तर देऊन टाकू. तू लिव."

मी झोकात लिहून दिलं. अर्जदार म्हणून सहीही माझीच, कारण माझी सही वळणदार आहे. सुनावणी धाराशिवला होती. आम्ही दोघं एसटीनं निघालो. येडशी मागं पडली तेव्हा मी आक्कांना समजावायला घेतलं. "हे बघा आक्का, तिथली भाषा वेगळी असते. कायद्यात बसवून बोलावं लागतं. तुम्ही मधे एक अक्षर बोलायचं नाही. बोलेन मी."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही. शब्द द्या."

आक्कांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "दिला."

सुनावणीच्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला होता, प्रत्येक गटाला निराळा रंग. आक्कांनी कानात विचारलं, "आपली नदी कुठाय ह्याच्यात?" मी बोट दाखवलं. निळा दोरा होता, वाकळ शिवताना सुटतो तसा. "एवडीच?" म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि पदराचं टोक मुठीत धरून गप्प झाल्या.

आमचा पुकारा झाला. मी उभा राहिलो आणि नदी ही संस्कृतीची जननी असते इथून सुरुवात केली. दवाखाना यायला अजून बराच अवकाश होता. सुनावणी घेणारे साहेब सज्जन होते. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "सर, आपण प्राध्यापक आहात का?"

"हो साहेब."

"वाटलंच. भाषा फार सुंदर आहे आपली."

मी तिथंच विरघळलो. साहेब पुढं म्हणाले, "आपल्या अर्जात मुख्य अडचण नदीची दिसते. तिथं पुलाचा प्रस्ताव आहे. पूल झाला तर याच गटात राहायला आपली हरकत नाही ना?"

"छे छे साहेब, काही हरकत नाही."

शेजारच्या लिपिकानं मान वर केली. "अर्जदारांची हरकत नाही, असं नोंदवू का मग?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

मला बाजूला हालचाल जाणवली. आक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, तोंड उघडलं होतं. मी डोळे वटारले. शब्द दिला होता त्यांनी. आक्का खाली बसल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्या एकदाच गप्प बसल्या, आणि त्या मी बसवल्या.

बाहेर टपरीवर मी खुशीत चहा सांगितला. आक्कांनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"दत्त्या, आत तू काय म्हणलास?"

"चांगलंच झालं की आक्का. साहेब म्हणाले, भाषा सुंदर आहे."

"त्ये न्हाय. शेवटाला काय म्हणलास?"

"शेवटाला हरकत नाही म्हणालो."

"आन् आपण कशाला आलतो?"

"हरकत घ्यायला," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कप तसाच ठेवून पळत आत गेलो. दुसऱ्या गावाची सुनावणी सुरू झाली होती. लिपिक दारापर्यंत आला. चिडला नाही, उलट त्यालाच माझी कीव आली असावी. "सर, मी तुम्हाला विचारून लिहिलं हो." खरंच होतं. अख्ख्या खोलीसमोर विचारलं होतं.

परतीच्या गाडीत मी जे बोललो ते आठवलं की अजूनही कानशिलं तापतात. मी आक्कांना म्हणालो, "पण मग तुम्ही का नाही बोललात?"

आक्का खिडकीबाहेर रामलिंगचे डोंगर बघत होत्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "तू बोलू नगं म्हणलातास."

वाडीत उतरलो तेव्हा मंदा फाट्यावर उभी होती. "काय झालं, आत्या?"

"आमी दोघांनी सांगितलं," आक्का म्हणाल्या. "बगू, काय करत्यात."

दोघांनी. मी चपलेनं माती उकरत राहिलो. पण त्या खोलीत शेजारच्या गावचा एक दुकानदार बसलेला होता. आठ दिवसांत गोष्ट सगळ्या बाजारात पोचली. पोरं मला 'हरकतनाही सर' म्हणू लागली. एकदा पारावर कुणी तशी हाक मारली, तेव्हा आक्का शेरडं घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "हरकत हाय. नुसतं सर म्हणायचं, म्होरलं लावायचं न्हाय." पोरं पांगली. मला ते नाव परवडलं असतं. ही बाजू घेणं परवडेना.

अंतिम रचना जाहीर झाली. वाडी पलीकडच्याच गटात राहिली. पूल अजून प्रस्तावातच आहे. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मी आक्कांकडं गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी लांबण लावली नाही, म्हणालो, "आक्का, माफ करा."

"हरकत हाय."

"आता माफीलाही हरकत?"

"माफी माज्याकडं कशाला मागतूस? ट्रॉलीत मी पडले नव्हते. मंदाकडं माग."

मंदा मागच्या बाजूला धुणं धूत होती. पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मी उठलो, चपला घातल्या आणि पुढच्या दारानं घरी आलो. नंतर जाईन म्हणालो. लग्नसराई होती, परीक्षा होत्या, मला कारणांची कधी टंचाई पडत नाही.

आक्का गेल्या त्या भर उन्हाळ्यात, दुपारी झोपेत. नदी कोरडी ठणठणीत होती. नर्सबाई वाळूतून चालत अलीकडं आल्या, हात पाहिला आणि पदर डोक्यावर ओढून दिला. मी खरं सांगतो, नदीला पाणी असतं तर मला सगळा दोष स्वतःकडं घेऊन मोठ्यानं रडता आलं असतं. तेवढीही सोय आक्कांनी ठेवली नाही. दहाव्याला माइक माझ्याकडं दिला, तर मी तो बंद करून शेजारच्याला दिला.

परवा ग्रामसभा झाली. लोकसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखायच्या आहेत, पाठोपाठ विधानसभेच्या आणि आपल्या गटांच्याही, अशी चर्चा सगळीकडं चालू आहे. तेव्हा हरकती मागवल्या तर वाडीतर्फे कुणी जायचं, ते आधीच ठरवून ठेवू, असा विषय निघाला. सगळ्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. सरपंच आताचा तरुण मुलगा, माझाच विद्यार्थी. तो अगदी अदबीनं म्हणाला, "सर, या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तुमची हरकत नाही ना?"

"छे छे, काही हरकत नाही," मी म्हणालो.

म्हणालो आणि उभाच राहिलो. माझं सगळं लक्ष बायकांच्या बाजूला लागलं होतं. आक्कांची जागा खांबापाशी असायची. तिथं आता दोन पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. सरपंचानं पुढचा विषय काढायला तोंड उघडलं.

"हरकत हाय."

आवाज बारीक होता. मंदा उठून उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर सावरत. लग्न होऊन आल्यापासून मी तिला सभेत बोलताना पाहिलं नव्हतं.

"सर यायलाच पायजेत," ती म्हणाली. "त्यांना कचेरी ठाव हाय, कागूद लिवता येतो. मी बी जाणार." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "पर सर, एक शब्द द्या. तिथं तुमी मधी बोलायचं न्हाय. एक अक्षर बी न्हाय. बोलीन मी."

सभेत कुणी हसलं नाही. 'हरकत नाही' माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

"दिला," मी म्हणालो.