कड्यावरची चौथी गारगोटी

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. ओतूरला माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर असल्या खणखणाटात बसणाऱ्याकडे भुतं फिरकत नाहीत. उलट, मित्रांना भुतं दाखवून पळवण्यात माझाच हातखंडा...

मागच्या भाद्रपदात मी, मेहुणा बबन आणि टेम्पोवाला दत्तू जुन्नरच्या पश्चिमेला एका कड्यावर गेलो. तीन वर्षांपूर्वी बबनचा धाकटा भाऊ तिथल्या धुक्यात शिरला, तो परत दिसलाच नाही. तेव्हापासून बबन त्याला शोधत डोंगर चढतोय. ही शेवटची खेप, असं वचन त्याने माझ्या बायकोला — म्हणजे त्याच्या बहिणीला — दिलं होतं.

बबनचं घराणं मूळचं मेंढपाळाचं. त्यांची एक रीत आहे — पायथ्याच्या ओढ्यातून प्रत्येकाने एक पांढरी गारगोटी घ्यायची, माथ्यावर देवीपाशी ठेवायची आणि उतरताना ज्याची त्यानेच उचलायची. गारगोटी उरली, तर माणूस वर राहिला.

आम्ही तीन ठेवल्या.

आणि माथा म्हणजे काय सांगू! सोनकीने पठार पिवळंधमक, कड्याखाली थेट कोकण, एकामागे एक निळे डोंगर... दत्तूचा मोबाईल फोटोंनी भरला. बबनने मात्र एकेका कपारीत वाकून हाका मारल्या. दुपारी दोनला तोच म्हणाला, चला.

देवीपाशी आलो, तर गारगोट्या चार.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं — ख्यातीच तशी. मी देवीसमोर शपथ घेतली. शिवाय आमच्या तिन्ही उन्हाने तापल्या होत्या. चौथी ओली होती, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी... आणि ओढा तर दोन तास खाली.

तासभर शोधलं. कुणी नाही.

वचन तिथेच मोडलं. आता बबन दर आठवड्याला चढतो, ती चौथी गारगोटी अजून तिथेच आहे का बघायला. याचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही, आणि नवल म्हणजे, त्यावर एक विनोदही सुचत नाही.

त्या दिवशी आम्ही आपापली उचलली. मी बबनला म्हटलं, ती चौथीपण घे, घरी आठवण राहील. तर तो हात पाठीमागे लपवून बोलून गेला, “दाजी, मी उचलली तर त्यो खाली कसा येणार?”