खणातला कापूस

माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या शेजारी कापसाची पुडी असायची. दौंड तालुक्यातली आमची शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती आणि मार्च लागला की दुपारी कुणाचा तरी घोळणा फुटायचाच. पहिलीतली एक मुलगी तर नाकात कापूस घालूनच पाढे म्हणायची. मला भयंकर संताप यायचा, पण पत्र्यावर चिडून काय उपयोग?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवी इमारत मंजूर झाली. पुण्याच्या तरुण आर्किटेक्टने नकाशा आणला. जाड दगडी भिंती, वर कौलं, मैदानातला कडुलिंब तसाच राखलेला. उतरतं ऊन वर्गात येऊ नये म्हणून रस्त्याकडे नुसती एक बिनखिडकीची भिंत. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा उखडलेच. त्यांच्या वडलांनी मेंढरं राखली, आप्पांनी ऊस लावला, आणि आता गावाची शाळा झोकात दिसावी ही त्यांची हौस होती.

"यवतच्या येष्टीतनं शाळा दिसली पायजे," ते म्हणाले. "रस्त्याला पाठ करून कसली बसवताय?"

दोन मीटिंगा अशाच वाया गेल्या. तिसरी मी मुद्दाम रविवारी दुपारी दोनला शेडमध्ये ठेवली. वर कढत चहा पाजला. अर्ध्या तासात आप्पांचा टॉवेल भिजला.

"बाई, भायेर बसू."

"पोरं बसतात की पाचपर्यंत," मी म्हटलं.

आप्पा टॉवेल पिळत उठले. बाहेर येऊन ते थेट कडुलिंबाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसले. हीच जागा का, असं आर्किटेक्टने विचारलं.

"ल्हानपनी मेंढरं हितंच बसवायचो. दुपारचा वारा हितनं जातो."

त्याने नकाशा मातीवर पसरला, वर्गांची ओळ पेन्सिलीने सरकवली आणि खिडक्या त्या वाऱ्याच्या वाटेवर आणल्या. आप्पा वाकून बघत राहिले.

"म्हंजी मेंढरांच्या जागी पोरं?"

"मेंढरांइतकी तरी काळजी घ्या त्यांची," मी फटकन बोलून गेले आणि लगेच घाबरले. पण आप्पा हसले. पुढे नकाशा आपणच काढला असं ते गावभर सांगत फिरले. मी कधी खोडून काढलं नाही.

नव्या इमारतीतला पहिला मार्च आला तेव्हा ती मुलगी तिसरीत होती. कार्यानुभवाच्या तासाला ती माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, खनातला कापूस घिऊ का? मेंढरू करायचंय."

पुडी धूळ खात पडली होती. मी ती अख्खी तिच्या हातात दिली.